समलिंगी जोडपी आणि जोडीदाराची निवड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

माणसे जोडीदार कसा निवडतात आणि समलिंगी जोडप्यांवरच्या संशोधनातून त्याबद्दल काय कळते, या विषयावरची काही पत्रे या वेळी घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेतल्या समलिंगी जोडप्यांचा आकडा एके ठिकाणी नऊ लाखांच्या वर आणि दुसरीकडे साडेसहा लाखांच्या आत दिलेला आढळला. मधली अडीच लाख जोडपी गेली कुठे? आकडा मुद्दाम कमी केला का?

आकडा कमी केला हे खरे, पण तो करायलाच हवा होता. पहिल्या मोजणीत ९,०१,९९७ समलिंगी जोडपी आली होती. अमेरिकी जनगणना खात्याने तपासणीनंतर ६,४६,४६४ हा सुधारित आकडा दिला. सर्वात मोठी घट विवाहित म्हणून नोंदलेल्या समलिंगी जोडप्यांत झाली : ३,४९,३७७ वरून थेट १,३१,७२९. वगळलेली जोडपी बहुतांशी साधी नवरा-बायकोची होती. फॉर्म भरताना दोघांपैकी एकाच्या नावापुढे लिंगाची चुकीची चौकट टिकली गेली होती, एवढेच.

इतक्या किरकोळ चुकीने एवढा फरक कसा पडतो, ते हिशेबाने पाहू. समजा, देशात ५ कोटी भिन्नलिंगी जोडपी आहेत आणि दर ५०० जोडप्यांमागे एकाकडून ही चूक होते. म्हणजे १ लाख जोडपी कागदोपत्री समलिंगी झाली. खरी समलिंगी जोडपी ५ लाख असतील, तर यादीत ६ लाख दिसतील आणि त्यांतले दर सहावे जोडपे खोटे असेल. हीच चूक समलिंगी जोडप्यांकडूनही होते, पण ५ लाखांत दर ५०० मागे एक म्हणजे अवघी १,००० जोडपी दुसऱ्या बाजूला जातात. दोन्हीकडच्या चुका एकमेकींना फेडतील ही आशा इथे फोल ठरते. मोठ्या गटातली नगण्य चूक छोट्या गटाला बुडवते.

नुकसान फक्त आकड्याचे होत नाही. चुकून आत आलेली जोडपी आपले गुणधर्मही सोबत आणतात. त्यांचे लग्न झालेले असते, बऱ्याचदा मुले असतात, वय जास्त असते. त्यामुळे समलिंगी जोडप्यांत मुले असण्याचे प्रमाण, सरासरी वय, दोघांच्या कमाईतला फरक, सगळेच भिन्नलिंगी जोडप्यांच्या दिशेने सरकते. दोन्ही प्रकारच्या जोडप्यांत फारसा फरक आढळला नाही असा निष्कर्ष वाचला, तर तो या सरमिसळीतून आलेला नाही ना, हे आधी पाहावे.

चूक पकडली ती नावांवरून. कोणते नाव पुरुषांचे किती टक्के वेळा असते याची राज्यवार सूची करून, नाव आणि टिकलेली चौकट यांचा मेळ बसतो का, हे तपासले गेले. फॉर्मची मांडणीही दोषी निघाली. ज्या फॉर्मवर माणसे एकाखाली एक आणि प्रश्न आडव्या रांगेत होते, त्यावर चुकीच्या चौकटीत खूण होण्याचे प्रमाण अधिक होते. प्रत्येक माणसासाठी स्वतंत्र रकाना असलेल्या फॉर्मवर ते कमी होते. पुढे २०२० च्या जनगणनेत नात्याच्या प्रश्नातच ‘समलिंगी पती/पत्नी’ आणि ‘भिन्नलिंगी पती/पत्नी’ असे वेगळे पर्याय दिले, म्हणजे लिंगाचे उत्तर नात्याच्या उत्तराशी ताडून पाहता येते. स्वतःची प्रश्नावली करणाऱ्यांनी ही युक्ती जरूर उचलावी : एकच गोष्ट दोन ठिकाणी, दोन पद्धतींनी विचारायची.

जुने आकडे वापरताना आणखी एक खाचखळगा आहे. १९९० मध्ये एकाच लिंगाच्या दोघांनी स्वतःला पती-पत्नी म्हणून नोंदवले, तर प्रक्रियेत सहसा एकाचे लिंगच बदलले जाई. २००० मध्ये तशाच जोडप्यांना अविवाहित जोडीदारांच्या गटात टाकले गेले. त्यामुळे या दोन जनगणना शेजारी ठेवून दहा वर्षांत समलिंगी जोडपी इतक्या पटींनी वाढली असे म्हणता येत नाही. नियम बदलला, त्यासोबत आकडाही बदलला.

माणसे वय, शिक्षण, वंश या बाबतीत आपल्यासारखाच जोडीदार निवडतात म्हणतात. समलिंगी जोडप्यांत हे साम्य कमी असते असे वाचले. म्हणजे त्यांच्या आवडीनिवडीच वेगळ्या असतात का?

निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला अर्थ घाईचा आहे.

आधी निरीक्षण. अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवर बेतलेल्या एका विश्लेषणात सर्व प्रकारच्या जोडप्यांत साम्य दिसले, पण बहुतेक बाबतींत ते भिन्नलिंगी जोडप्यांत जास्त घट्ट होते. १९९० आणि २००० ची जनगणना एकत्र घेऊन २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही तेच चित्र आले. नॉर्वेत १९९३ पासून आणि स्वीडनमध्ये १९९५ पासून नोंदणीकृत भागीदारीचा कायदा होता. तिथल्या नोंदींत समलिंगी जोडप्यांमध्ये वयाचे मोठे अंतर आणि परदेशात जन्मलेला जोडीदार या दोन्ही गोष्टी अधिक आढळल्या, विशेषतः पुरुष जोडप्यांत.

आता अर्थ. निवड ही आवड आणि उपलब्धता या दोन्हींतून घडते, आणि जोडप्यांची यादी पाहून ती दोन वेगळी करता येत नाहीत. समजा, एखाद्या ठिकाणी योग्य वयोगटातले ५०० भिन्नलिंगी इच्छुक आहेत आणि समलिंगी इच्छुक ३०. तुमची वयाची अट पाचांतला एक पूर्ण करतो, शिक्षणाची अट तिघांतला एक. ५०० मधून ३३ जण उरतात. ३० मधून उरतात फक्त दोघे, आणि त्या दोघांपैकी एकाला तुम्हीही आवडायला हवे. अट तीच, माणूस तोच. छोट्या गटात एखादी अट सैल करावी लागते किंवा दूर जाऊन शोधावे लागते. अमेरिकेत समलिंगी जोडप्यांत आंतरवंशीय जोडप्यांचे आणि जन्माचे राज्य सोडून राहणाऱ्यांचे प्रमाण अधिक दिसते, त्यामागचे एक कारण हे आहे. दुसरे कारण मध्यस्थांचे. घरचे आणि नातेवाईक जुळवतात तेव्हा ते आपल्याच वर्तुळातून जुळवतात. समलिंगी व्यक्तीला ती वाट क्वचितच खुली असते, त्यामुळे त्या वर्तुळाचे बंधनही तिच्यावर कमी.

तुलना करताना सर्वात जास्त घसरण होते ती टक्केवारीवर. दोन्ही गटांत ६४ टक्के जोडप्यांचे शिक्षण सारखे आहे, म्हणजे कल सारखाच, असे लिहिलेले सापडते. पण चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या असत्या तरी काही जोड्या सारख्या आल्याच असत्या. एखाद्या गटात पदवीधर निम्मे असतील तर नुसत्या योगायोगाने ५० टक्के जोड्या सारख्या येतात : ०.५ चा वर्ग अधिक ०.५ चा वर्ग. तिथे ६४ टक्के म्हणजे योगायोगापेक्षा १४ अंकांनी जास्त. दुसऱ्या गटात पदवीधर ८० टक्के असतील, तर योगायोगानेच ६८ टक्के येतात : ०.८ चा वर्ग ०.६४, ०.२ चा वर्ग ०.०४. तिथे ६४ म्हणजे योगायोगाहूनही कमी. एकाच आकड्याचे दोन उलटे अर्थ झाले. अमेरिकेत समलिंगी जोडप्यांत पदवीधरांचे प्रमाण जास्त असल्याने हा हिशेब तिथे हमखास आड येतो. म्हणून टक्केवारीऐवजी संधी-गुणोत्तर (एका गटातली शक्यता दुसऱ्याच्या किती पट, हे सांगणारे माप) किंवा लॉग-लिनियर प्रारूप (सारणीतल्या संख्यांसाठीची सांख्यिकी पद्धत) वापरतात. त्यांत गटाची घडण बाजूला काढता येते. ज्यांच्याकडे तेवढी साधने नाहीत त्यांनी निदान योगायोगाची टक्केवारी काढून प्रत्यक्ष आकड्याशेजारी छापावी.

मी गणित शिकवते. स्थिर जोड्यांचा सिद्धांत समलिंगी जोडप्यांना लागू होतो का?

होतो, पण दुसऱ्या रूपात. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या अमेरिकी गणितज्ञांनी १९६२ मध्ये दाखवले की दोन वेगळ्या गटांतून जोड्या लावायच्या असतील, तर प्रत्येकाचा पसंतीक्रम काहीही असो, निदान एक स्थिर मांडणी मिळतेच. स्थिर म्हणजे जिथे आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावे असे वाटणारी दोन माणसे उरत नाहीत. समलिंगी जोड्या मात्र एकाच गटातून लागतात, आणि तिथे ही हमी नाही. त्यांच्याच निबंधातल्या धर्तीवरचे उदाहरण असे : क ला ख सर्वात आवडतो, ख ला ग, ग ला क. तिघांच्याही यादीत घ शेवटी. आता कुणाची तरी जोडी घ शी लागणारच. ती क शी लागली असे धरा, म्हणजे ख-ग ही दुसरी जोडी. क ला घ नकोच आहे आणि ग ची पहिली पसंती क आहे. दोघे आपापली जोडी मोडून एकत्र येतात. मग ख उरतो घ सोबत, आणि क ची पहिली पसंती तर ख. फेरा थांबत नाही.

यावरून खऱ्या आयुष्यातली समलिंगी नाती अस्थिर असतात असे मात्र सिद्ध होत नाही. प्रारूपात शोधाचा खर्च नाही, सवय नाही, जिव्हाळा नाही. वर्गात शिकवताना एवढे जरूर सांगावे.

समलिंगी जोडपी इंटरनेटवरून जास्त भेटतात हे कशावरून? आणि डेटिंग अ‍ॅपकडे एवढी माहिती असताना पाहण्या कशाला हव्यात?

यातला मुख्य आधार म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठातले मायकेल रोझेनफेल्ड यांनी २००९ मध्ये सुरू केलेली पाहणी. तिच्यात ४,००२ प्रौढांना विचारले. त्यांतल्या ३,००९ जणांना जोडीदार होता आणि त्यांपैकी ४७४ जणांचा जोडीदार समलिंगी होता. प्रमाणात घेतले असते तर याच्या निम्मेसुद्धा मिळाले नसते. म्हणून, ज्यांनी आपला लैंगिक कल आधीच नोंदवला होता अशांना पॅनेलमधून (पाहण्यांसाठी आधीच जमवलेल्या लोकांच्या यादीतून) मुद्दाम जास्त संख्येने घेतले आणि हिशेबात भारांक लावून तोल साधला. २००८-०९ च्या सुमारास जुळलेल्या समलिंगी जोडप्यांतली ६० टक्क्यांहून अधिक इंटरनेटवरून भेटली होती. भिन्नलिंगी जोडप्यांत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. २०१७ च्या फेरीत भिन्नलिंगी जोडप्यांचा आकडा ३९ टक्क्यांवर गेला. कारण वर सांगितलेलेच : गट जेवढा विरळ, तेवढा शोधयंत्राचा उपयोग जास्त.

या पाहणीतली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे प्रश्न. ‘कुठे भेटलात’ म्हणून पर्यायांची यादी पुढे न करता, भेट कशी झाली ते स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितले आणि नंतर त्या मजकुराचे वर्गीकरण केले. एका हकिकतीला एकाहून जास्त शीर्षके मिळू शकत होती. याचा फायदा पुढे दिसला. भिन्नलिंगी जोडप्यांमध्ये २०१० नंतर बार-रेस्टॉरंटमध्ये भेटल्याचे प्रमाण वाढल्यासारखे दिसत होते. मजकूर वाचल्यावर कळले की ही वाढ आधी ऑनलाइन ओळख होऊन पहिल्यांदा समोरासमोर तिथे भेटलेल्यांचीच आहे. एकाच चौकटीत टिक करायला लावले असते तर बारचे दिवस परत आले, असा निष्कर्ष निघाला असता.

अ‍ॅपची माहिती वेगळ्या कामाची आहे. कुणी कुणाला आधी संदेश पाठवला, उत्तर कुणाला दिले, हे तिथे नेमके दिसते. भिन्नलिंगी वापरकर्त्यांवर असे चांगले अभ्यास झाले आहेत. पण पुढे नाते जुळले का, किती टिकले, हे अ‍ॅपला ठाऊक नसते, आणि अ‍ॅपवर न येणारे त्यात मुळातच नसतात. शिवाय कोण कुणाला दिसावे हे अ‍ॅपचे गणित ठरवते. जे दाखवलेच नाही ते नाकारले, असे धरता येत नाही.

समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. एका आधारगटाच्या ओळखीतून ३० समलिंगी जोडप्यांच्या मुलाखती मिळतील. जोडीदाराच्या निवडीवर प्रबंध होईल का? टक्केवारी देता येईल का?

प्रबंध होईल, टक्केवारी देऊ नका. ३० मध्ये एक जोडपे इकडचे तिकडे झाले की टक्केवारी ३.३ ने हलते. नमुना अगदी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडलेला) असता तरी ५० टक्क्यांच्या उत्तराला दोन्ही बाजूंनी सुमारे १८ अंकांची सूट द्यावी लागली असती. तुमचा नमुना तसा नाही, म्हणून तीही सूट लागू नाही. ३० जोडपी हे निवडीची प्रक्रिया खोलात समजून घ्यायला पुरेसे आहेत.

मोठी अडचण संख्येपेक्षा एकाच दाराची आहे. आधारगटात येणारे लोक उघडपणे जगणारे, शहरातले, बऱ्याचदा शिकलेले असतात, आणि एकमेकांना ओळखतात. त्यांच्या जोड्यांत साम्य आढळले तर ते गटाचे साम्य की निवडीचे, हे सांगता येणार नाही. म्हणून सुरुवात किमान सहा ते आठ वेगळ्या ठिकाणांहून करा : वेगळी वये, वेगळे व्यवसाय, गटात न जाणारे कुणीतरी. प्रत्येक जोडप्याला जास्तीत जास्त तीनच जणांपर्यंत पोहोचवायला सांगा. नाहीतर दोन मनमिळाऊ जोडपी अर्धा नमुना भरून टाकतात. कोणी कोणाला पाठवले याची साखळी सांकेतिक क्रमांकांनी लिहून ठेवा. ‘तुम्ही ज्यांना नावाने ओळखता आणि जे तुम्हाला ओळखतात अशी किती समलिंगी जोडपी आहेत?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारा. समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेली प्रतिसादक-प्रेरित नमुना पद्धत (उत्तर देणाऱ्यांनीच पुढची माणसे आणायची) याच माहितीवर उभी आहे : जास्त ओळखी असलेले लोक नमुन्यात जास्त येतात, म्हणून हिशेबात त्यांचा भार कमी करायचा. साखळी चार-पाच फेऱ्या पुढे गेली तर सुरुवातीच्या माणसांची छाप पुसट होत जाते. दोन फेऱ्यांत थांबली तर मात्र ती पद्धत वापरली असे लिहू नये.

व्याख्या आधी ठरवा. एकत्र राहणारीच जोडपी घ्यायची की वेगळ्या घरांत राहणारीही? किमान किती महिन्यांचे नाते? आम्ही वेगळी राहणारी घ्या असे सुचवू. घरच्यांना सांगितलेले नसते तेव्हा एकत्र राहणे परवडत नाही, आणि नेमकी हीच जोडपी जनगणनेतही सुटतात. आणखी एक आग्रह : निवडीचा अभ्यास फक्त टिकलेल्या जोड्यांवर करू नका. आज सोबत असलेले दोघे ‘आमचे विचार जुळले’ असे सांगतील. जुळूनही तुटलेल्यांकडे तेच उत्तर मिळते का, हे पाहायला आठ-दहा एकटी किंवा नाते संपलेली माणसे हवीतच. तीस जोडप्यांऐवजी बावीस घ्या, पण ही जागा ठेवा.

जोडप्यातल्या दोघांच्या वयाचा सहसंबंध काढायचा आहे. नवरा-बायको असतील तर रकाने ठरलेले असतात. दोन स्त्रिया असतील तर पहिल्या रकान्यात कोणाला टाकायचे?

प्रश्न छोटा दिसतो, पण इथे प्रसिद्ध निबंधही फसतात. चार जोडपी घ्या : २५ व ३५, ३० व ३२, २८ व ४०, ३६ व ४५. प्रत्येक वेळी लहान वय पहिल्या रकान्यात ठेवले तर सहसंबंध (१ म्हणजे दोन्ही रकाने तंतोतंत सोबत बदलतात, ० म्हणजे काहीच मेळ नाही) येतो ०.६७. आता फक्त पहिल्या आणि तिसऱ्या जोडप्यातली वये आलटून टाका, म्हणजे ३५ व २५, ४० व २८. बाकी काही बदलले नाही. सहसंबंध होतो उणे ०.०७. माणसे तीच, वये तीच. आपण ठरवलेल्या क्रमानेच साम्य निर्माण केले होते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक जोडपे दोनदा भरायचे, एकदा सरळ आणि एकदा उलट, म्हणजे चार जोडप्यांच्या आठ ओळी होतात. मग क्रमाचा प्रश्न उरत नाही. वरच्या उदाहरणात उत्तर उणे ०.१० येते, म्हणजे या चार जोडप्यांत साम्य जवळपास नाहीच. मात्र आठ ओळी झाल्या म्हणून आठ जोडपी झाली नाहीत. सार्थकतेची चाचणी चार जोडप्यांच्या हिशेबानेच करायची. संगणक हे आपणहून ओळखत नाही, त्यामुळे बहुस्तरीय प्रारूपात (एका गटातल्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे धरून चालणाऱ्या हिशेबात) ‘जोडपे’ हा वरचा स्तर द्यावा लागतो. तुलनेसाठी भिन्नलिंगी जोडपी घेतली असतील तर त्यांच्यासाठीही हीच दुहेरी नोंद वापरा. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे लावले तर फरक मापातून येईल.

समलिंगी जोडप्यांत घरकाम सारखे वाटले जाते, हे खरे का?

भिन्नलिंगी जोडप्यांच्या तुलनेत वाटणी अधिक समान असते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र बरेच अभ्यास लोकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर थांबतात. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ५२ समलिंगी कुटुंबांचा मुलाखती आणि काही घरांत प्रत्यक्ष राहून केलेला अभ्यास नव्वदच्या दशकात झाला. त्यात ‘आम्ही सारखेच करतो’ म्हणणाऱ्या घरांतही कामाचा भार बऱ्याचदा एकावर दिसला, आणि कमाईचे तास ज्याचे जास्त त्याचा घरातला वाटा कमी. ‘कोण जास्त करते?’ असे विचारू नका. गेल्या सात दिवसांत भांडी कोणी घासली, सामानाची यादी कोणी केली, आजारपणात रजा कोणी घेतली, असे कामवार आणि दोघांना वेगवेगळे विचारा.

समलिंगी विवाह जास्त मोडतात असे एक अभ्यास सांगतो, दुसरा फरक नाही म्हणतो. खरे कोणते?

दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण घड्याळ वेगवेगळ्या क्षणी सुरू केलेले असते. नॉर्वे-स्वीडनच्या अभ्यासात नॉर्वेतल्या १९९३ ते २००१ मधल्या १,२९३ आणि स्वीडनमधल्या १९९५ ते २००२ मधल्या १,५२६ भागीदाऱ्या होत्या. तिथे मोडण्याचे प्रमाण भिन्नलिंगी विवाहांपेक्षा जास्त होते, आणि स्त्री जोडप्यांत पुरुष जोडप्यांच्या जवळपास दुप्पट. अमेरिकेत रोझेनफेल्ड यांच्या २०१४ च्या निबंधात विवाहित किंवा विवाहासारख्या नात्यातल्या समलिंगी आणि भिन्नलिंगी जोडप्यांत फरक आढळला नाही.

कायदा नवा असतो तेव्हा पहिल्या वर्षी नोंदणी करणाऱ्यांत पंधरा-वीस वर्षे एकत्र असलेली जोडपी असतात आणि कालपरवा भेटलेलीही. नोंदणीच्या तारखेपासून मोजले तर दोन्ही नात्यांचे वय शून्य. शिवाय जी नाती कायदा येण्याआधीच संपली ती यादीत कधी आलीच नाहीत. म्हणून तीन तारखा घ्याव्यात : नाते सुरू झाले ती, एकत्र राहू लागले ती, नोंदणी झाली ती. आणि जोडपे अभ्यासात ज्या दिवशी आले त्या दिवसापासूनच त्याला ‘मोडण्याच्या शक्यतेत’ धरावे. मुले असणे हा दुवा मोडण्याशी जोडलेला असतो, तोही तुलनेत सारखा करावा लागतो.

समलिंगी पालकांच्या मुलांबद्दलही असेच परस्परविरोधी निष्कर्ष येतात. तिथेही मोजणीचाच घोळ आहे का?

बराचसा. २०१२ मध्ये अमेरिकेत २,९८८ तरुणांवरचा एक गाजलेला अभ्यास आला. त्यात आईचे समलिंगी नाते असलेले १६३ आणि वडिलांचे असलेले ७३ जण घेऊन त्यांची तुलना अखंड, स्थिर कुटुंबात वाढलेल्यांशी केली आणि परिणाम वाईट दाखवले. पण त्या १६३ पैकी जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत आई आणि तिच्या जोडीदार स्त्रीसोबत राहिलेले फक्त दोघे होते. उरलेल्यांत आई-वडिलांची फारकत झालेली घरे भरपूर होती. मोजला गेला तो फारकतीचा परिणाम. उलट नेदरलँड्समध्ये सरकारी नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समलिंगी पालकांची २,९७१ मुले होती, आणि जन्मापासून अशा घरात वाढलेली मुले शाळेत मागे नव्हती, काहीशी पुढेच होती. तिथल्या पालकांची आर्थिक स्थिती चांगली असते, हेही त्याच अभ्यासात लक्षात घेतले आहे.

जोडप्याची मुलाखत एकत्र घ्यावी की वेगळी?

दोन्ही, आणि आधी वेगळी. एकत्र बसले की पहिल्या भेटीची एकच घोटून तयार झालेली गोष्ट ऐकू येते. वेगळे बसवले की एकजण पहिली भेट मित्राच्या घरची सांगतो, दुसरा त्याआधी महिनाभर चाललेल्या गप्पांपासून सुरुवात करतो. ही विसंगती खोडून टाकू नका, दोन्ही नोंदी ठेवा. एकाची मुलाखत झाली की त्यातले अक्षरही दुसऱ्यासमोर काढायचे नाही, ‘त्यांनी असे सांगितले’ म्हणून पडताळायचे तर मुळीच नाही.

संमती दोघांकडून स्वतंत्र घ्या. एकाने नकार दिला तर जोडपे सोडून द्या. नावे आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी मुलाखतींपासून वेगळ्या जागी, कुलपात ठेवा आणि काम संपल्यावर नष्ट करा. अहवाल लिहिताना नाव बदलणे पुरत नाही. वय, व्यवसाय आणि जोडीदाराचा व्यवसाय ही तीन माहिती एकत्र छापली की ओळखीचे लोक जोडपे बरोबर ओळखतात, म्हणून व्यवसाय ढोबळ लिहा आणि वय पाच वर्षांच्या गटात द्या. आणि संपर्क कोणत्या फोनवर, कोणत्या वेळी करायचा, संदेशात विषय लिहायचा की नाही, हे पहिल्याच भेटीत त्यांनाच विचारून घ्या.